ह्यांचा उजवा तळपाय

आत्मा अमर आहे असं मला कुणी सांगायला लागलं, की मी आधी त्याला चपला काढून तळपाय दाखवायला सांगते. लोक हसतात. त्यांना वाटतं, बाई गमतीशीर आहे. मी गमतीशीर बिमतीशीर काही नाही, मी चिडलेली आहे आणि दोन वर्षं झाली तरी माझी चीड उतरलेली नाही. माझ्या नवऱ्याचा उजवा पाय गुडघ्याखाली नाही. देह, मन आणि आत्मा यावर आमच्या घरात जेवढी प्रवचनं झाली, त्यातल्या एकाही प्रवचनात हा पाय आलेला नाही. म्हणून मी सांगते.

आमचे हे नाशिकला अंबडच्या एका कारखान्यात प्रेसवर होते. तीसेक वर्षं उभ्याने नोकरी केली, पायात पुढून लोखंड बसवलेले सेफ्टी शूज. घरी आले की बूट दाराबाहेर, मोजे बादलीत आणि माणूस आडवा. बोलणं बेताचं. मग रिटायर झाले. रिटायर झालेला पुरुष म्हणजे घरातलं जास्तीचं कपाट, कुठेही ठेवा, आडवंच येतं. मीच म्हटलं, सकाळी बागेत जात जा, चार माणसं भेटतील. चांगली बुद्धी सुचली होती मला!

बागेत भेटले ते सर. कॉलेजात कुठलासा विषय शिकवून निवृत्त झालेले, पांढरे शुभ्र कपडे, आवाज तुपात तळलेला. सिमेंटच्या बाकावर बसून ते रोज सकाळी आठ-दहा म्हाताऱ्यांना ब्रह्मज्ञान वाटायचे. शरीर म्हणजे गाडी, मन म्हणजे ड्रायव्हर आणि आत्मा म्हणजे मागच्या सीटवर बसलेला मालक. आमच्या ह्यांनी घरी येऊन मला हे असं सांगितलं, जणू काही आत्ताच शोध लागलाय.

"आणि पंक्चर कोण काढतं?" मी विचारलं.

"तुझं आपलं काहीतरीच."

काहीतरीच कसलं? या गाडीचा डबा कोण भरतं, कपडे कोण धुतं, शुगरच्या गोळ्या सकाळच्या आणि रात्रीच्या वेगळ्या कोण काढून ठेवतं? मालक तर मागे बसलाय आरामात. त्यानंतर मात्र आमच्याकडे रोजचंच झालं. कोथिंबीर आणा म्हटलं तर ह्यांची समाधी. गॅस संपला म्हटलं तर "मन शांत ठेव." मी शरीर नाही, मी शरीर नाही असं पुटपुटत हा माणूस फ्रिज उघडून बर्फी शोधायचा. आत्म्याला डायबेटिस नसतो म्हणे! मग त्यालाच जाऊ द्या लॅबमध्ये सकाळी उपाशीपोटी.

डायबेटिस ह्यांना बारा वर्षांचा. त्यातच एकदा डॉक्टरबाईंनी ह्यांना पलंगावर झोपवलं, डोळे मिटायला सांगितले आणि प्लॅस्टिकचा एक बारीक दोरा तळपायाला ठिकठिकाणी टोचला. टोचलं की सांगा, म्हणाल्या. हे शांत पडून. मी शेजारी उभी राहून बघत होते, दोरा टोचून वाकत होता आणि हे विचारत होते, "सुरू केलं का?"

त्या दिवशी डॉक्टरबाईंनी मला बाजूला घेतलं. ह्यांच्या पायाच्या नसा गेल्यात, म्हणाल्या, खडा रुतला तरी कळणार नाही. घरातसुद्धा अनवाणी चालायचं नाही. आणि रोज कुणीतरी तळपाय बघायचा. ह्यांचं पोट आड येतं, ह्यांना दिसणार नाही, तुम्हीच बघा. एक जखम नजरेतून सुटली तर पाय जाऊ शकतो. अगदी याच शब्दांत.

तेव्हापासून संध्याकाळचा चहा झाला की हे पाय स्टुलावर ठेवायचे आणि मी चष्मा लावून, मोबाइलचा टॉर्च मारून बघायची. आधी डावा, मग उजवा. बोटांच्या बेचक्या, टाच, नखं. कारखान्याच्या बुटाने करंगळीवर केलेली भोवरी, अंगठ्याचं वाकडं नख, सगळं मला पाठ झालं होतं. इतक्या वर्षांच्या संसारात मी या माणसाचा चेहरा कधी इतका निरखला नव्हता. लाडीगोडी काही नाही हं त्यात. मी म्हणायची, "हलू नका." हे म्हणायचे, "गुदगुल्या होतात." "होत नाहीत म्हणून तर बघतेय ना!" असंच सगळं. पण चार वर्षांत एक दिवस चुकवला नाही. ताप असताना बघितलं, माझ्या भावाच्या मुलीच्या लग्नात कार्यालयाच्या मागच्या खोलीत बसून बघितलं.

आणि मग ते नवरात्र आलं.

आमची कुलदेवी गडावरची, सप्तशृंगी. ह्यांच्या घराण्यात पुरुषांनी नऊ दिवस अनवाणी राहायचं आणि मधल्या एखाद्या माळेला चालत गडावर जायचं अशी रीत. ह्यांना नोकरीत कधी जमलं नाही, कारण सेफ्टी शूजशिवाय कारखान्याच्या गेटमधून आत सोडत नसत. ते शल्य ह्यांच्या मनात तीस वर्षं होतं, हे मला माहीत होतं. घटस्थापनेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी, पाय स्टुलावर असतानाच ह्यांनी जाहीर केलं, "या वर्षी मी अनवाणी करणार. आणि गडावर चालत."

मी म्हटलं, डोकं ठिकाणावर आहे का? देवीशी माझं भांडण नाही. घट मी बसवते, अखंड दिवा मी सांभाळते. पण देवीने काय डॉक्टरबाईंचं ऐकू नका असं सांगितलंय का? तुम्ही बसने जा, चपला घालून जा, पायऱ्यांपाशी काढा. आई आहे ती, समजून घेईल.

"पाय माझे आहेत," हे म्हणाले.

"अरे वा! कालपर्यंत तर शरीर आपलं नव्हतं. आज पाय लगेच तुमचे झाले?"

इथे थांबायला हवं होतं, पण माझ्या तोंडाचा पट्टा एकदा सुटला की सुटला. सरांना बोलले, बागेतल्या म्हाताऱ्यांना बोलले, बर्फीवरून बोलले. हे ऐकून घेत होते. मग अगदी शांतपणे म्हणाले, "तुला माझं फक्त शरीर दिसतं. शुगर किती, पाय कसा, पोट साफ झालं का. त्याच्या आत कुणी माणूस आहे, हे तुला कधी दिसलंच नाही."

मला ते इतकं लागलं की काय सांगू. चार वर्षं मी गुडघ्यावर बसून ज्याचे तळपाय बघितले, तो मला म्हणतो, तुला मी दिसलोच नाही! मी टॉर्च बंद केला. म्हटलं, "मग त्या आतल्या माणसालाच सांगा आजपासून पाय बघायला. मी नाही बघणार."

दुसऱ्या दिवशी पहिली माळ. संध्याकाळी चहा झाला आणि ह्यांनी सवयीने पाय स्टुलावर ठेवला. मी कपबशा उचलल्या आणि आत निघून गेले. आत मला स्टूल सरकल्याचा आवाज आला.

पुढचे दिवस ह्यांच्या आनंदाचे होते. ऑक्टोबरचं ऊन तुम्हाला माहीत आहे. दुपारी बाराला डांबर असं तापतं की अनवाणी माणसं सावली गाठत उड्या मारत जातात. आमचे हे भर रस्त्यात उभे राहून भाजीवाल्याशी भाव करत होते. घरी येऊन मला म्हणाले, "चटकाच बसत नाही बघ! सर म्हणाले, ही देहभाव गळाल्याची खूण आहे. कितीतरी साधकांना वर्षानुवर्षं जमत नाही."

"देहभाव नाही, नसा गळाल्यात तुमच्या."

"तुला सगळं मेलेलंच दिसतं," हे म्हणाले आणि हात जोडून घटापुढे बसले.

बागेत ह्यांचा सत्कार झाला म्हणे. शाल नव्हती, पण टाळ्या झाल्या. सर मात्र स्वतः जाड तळव्याचे पांढरे बूट घालून बाकावर. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. गडावर येणार का विचारलं तर म्हणाले, गुडघे दुखतात.

पाचव्या माळेला हे निघाले. कॉलनीतल्या तिघांबरोबर, झेंडा घेऊन. दिंडोरी, वणी, नांदुरी करत. मी डब्यात राजगिऱ्याचे लाडू दिले, गोळ्यांची पुडी दिली, ओवाळलंसुद्धा. पायाकडे बघितलं नाही. ओवाळताना ताटातला उजेड खाली पडत होता, तरी मी मान खाली घातली नाही. माणूस किती हट्टी असू शकतो, हे मला सांगू नका.

आठव्या माळेला एसटीने परत आले. काळवंडलेले, पण चेहऱ्यावर असं तेज की मला हेवा वाटला. देवी कशी दिसली, वाटेत लोकांनी खिचडी कशी दिली, दिंडोरीच्या पुढे द्राक्षबागांच्या कडेला कसे झोपले, सगळं सांगत होते. मी हूं हूं करत होते. रात्री फरशीवर तपकिरी ठिपके दिसले. मी म्हटलं, कुंकू सांडलं असेल. पुसून टाकले.

दसऱ्याच्या दिवशी सकाळी मी झेंडूची तोरणं करत बसले होते आणि मला वास आला. मेलेल्या उंदराचा. मी पलंगाखाली बघितलं, कपाटामागे बघितलं. "अहो, जरा उठा, पलंग सरकवा, कुठेतरी उंदीर मेलाय." हे बिचारे उठले आणि पलंग ढकलायला लागले. मी केरसुणी घेऊन कोपरे उकरतेय आणि वास काही सरकत नाही. पलंग दुसऱ्या भिंतीला लागला तरी वास आमच्याबरोबरच. तेव्हा मी ह्यांच्या मागे फरशीकडे बघितलं. ओल्या पायाचे ठसे होते. फक्त उजव्या पायाचे.

मी ह्यांना बसवलं आणि पाय उचलला. अंगठ्याखालचा सगळा भाग काळा-हिरवा पडला होता आणि मध्ये काहीतरी चकाकत होतं. द्राक्षबागेच्या मांडवाला वापरतात ना, त्या तारेचा बोटभर तुकडा. रस्त्याकडेला पडलेला, तो आत शिरला होता आणि त्यावर हा माणूस गड चढून, उतरून आला होता. वरून म्हणतो, "काय झालं? काही आहे का?"

हॉस्पिटलात डॉक्टरबाईंनी पाय उलटसुलट करून बघितला. मग म्हणाल्या, दोन दिवस आधी आणलं असतंत तर एखाद्या बोटावर निभावलं असतं. आता विष वर चढतंय. आधी बोटं काढली. चौथ्या दिवशी पुढचा अर्धा पाय. नवव्या दिवशी माझ्यापुढे कागद आला, गुडघ्याखालून काढायला परवानगी. मी सही केली. मला इतका राग आला होता की दुसऱ्या कशाला जागाच नव्हती. देवीवर नाही. सरांवर. त्या पांढऱ्या बुटांवर.

हे घरी आले आणि एक नवीनच तऱ्हा सुरू झाली. पाय दुखायला लागला. कोणता? जो नाही तो! "अंगठ्यात कळ येतेय," म्हणायचे. "तळव्याची आग होतेय, फुंकर घाल ना." आणि चादरीवर, जिथे पाय असायला हवा, तिथे हात फिरवायचे. डॉक्टरबाई म्हणाल्या, असं होतं, पाय जातो पण मेंदूतली त्याची जागा जात नाही. मला मात्र संताप संताप झाला. होता तेव्हा तार घुसली तरी हाय केलं नाही, आणि आता कापून टाकल्यावर दुखतो! आधी दुखायला काय झालं होतं मेल्याला? एकदा त्या रागात मी अंथरुणाच्या रिकाम्या जागेवर हात आपटला. ह्यांनी "आई गं" केलं.

महिन्याभराने सर भेटायला आले. सोबत दोघे-तिघे, सफरचंदांची पिशवी. ह्यांनी उत्साहाने त्या न दिसणाऱ्या पायाच्या दुखण्याबद्दल सांगितलं. सरांचे डोळे चमकले. "हाच तो सूक्ष्म देह! स्थूल गेला तरी सूक्ष्म राहतो. तुम्हाला प्रत्यक्ष अनुभव आला, भाग्यवान आहात."

भाग्यवान! मी चहाचा ट्रे तसाच टेबलावर आदळला.

"सर," मी म्हटलं, "तुम्हाला ते भाग्य हवं का? द्राक्षबागेच्या तारेला नाशिकमध्ये काही तोटा नाही. ह्यांना चटका बसत नव्हता तेव्हा तुम्ही टाळ्या वाजवल्यात. देहभाव गळाला म्हणालात. अहो, तो आजार होता, आजार! कॉलेजात काय शिकवलंत आयुष्यभर? आणि तुमचा सूक्ष्म देह बुटात का ठेवता? काढा की बूट! उद्यापासून तुम्ही अनवाणी, बघू किती दिवस अमर राहता!"

सोबतचे लोक सफरचंदांकडे बघत बसले. सर लाल झाले. पण माणूस वाईट नव्हता, आता कबूल करते. ते रागाने बोलले नाहीत. खरंच न समजून म्हणाले, "वहिनी, माझी चूक झाली असेल. पण ह्यांनीच सांगितलं होतं, तुम्ही रोज संध्याकाळी पाय तपासता म्हणून. त्यामुळेच मला वाटलं, काळजी नाही. मग इतकं वाढेपर्यंत तुम्हाला दिसलं कसं नाही?"

मी ट्रेमधले कप उगाचच सरळ करायला लागले.

"तपासायची की," हे पलंगावरून म्हणाले. "रोज तपासायची. मीच दाखवला नाही तेव्हा. थकून यायचो, पांघरूण घेऊन झोपायचो. हिचा काही दोष नाही."

सगळ्यांनी माना डोलावल्या. चहा झाला. सर जाताना दारात माझ्याकडे बघून हात जोडून गेले. त्यांच्या पायात तेच बूट होते, पण मला आता त्यांच्याशी काही घेणंदेणं उरलं नव्हतं.

दार लावलं आणि मी ह्यांच्यावर उखडले. दुसरं मला येतं काय? "खोटं कशाला बोललात? मी म्हटलं होतं का, मला वाचवा म्हणून?"

"मग काय सांगायला हवं होतं? बायको रुसली होती म्हणून पाय गेला?"

"हो! तसंच झालंय!"

"तसं नाही झालेलं," हे म्हणाले. "तार मला लागली. गडावर मी गेलो. आणि रुसवा तुझा नेहमीच दोन-चार दिवसांचा असतो. मला वाटलं, दसऱ्यापर्यंत उतरेल. मग बघशील."

त्यांना असं वाटलं होतं. नऊ दिवस हा माणूस माझा राग उतरायची वाट बघत होता आणि मी, राग उतरू नये म्हणून धडपडत होते. उतरत होता तो, तिसऱ्या-चौथ्या माळेलाच उतरत होता, मी त्याला धरून ठेवला. मला रडू यायला लागलं आणि रडू आलं की मी ओरडते.

"अहो, पण हाक तर मारायची! शरीराचं काय ते नसेना का कळत, तोंड तर शाबूत होतं ना? एकदा म्हणायचं होतंत, अगं बघ जरा!"

"मारली होती," हे म्हणाले. "गडावरून आलो त्या संध्याकाळी. पाय जड वाटत होता. दोनदा मारली हाक. पण तू मिक्सर लावला होतास, तुला ऐकू गेलं नसेल."

त्यांच्या आवाजात कुठेही तक्रार नव्हती. मला ऐकू गेलं नाही यावर त्यांचा पूर्ण विश्वास होता, आजही आहे, आणि मी तो मोडलेला नाही. दोन्ही हाका मला स्पष्ट ऐकू आल्या होत्या. मिक्सर मी पहिल्या हाकेनंतर लावला. भांड्यात काहीही नव्हतं.